फ्रीझरमधला मसाला पुन्हा पुन्हा सादळतोय? झाकण कधी उघडता ते आधी पाहा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीने येते. मसाला ताजा दळलेला, डबा कोरडा, झाकण घट्ट. फ्रीझरमध्ये ठेवल्यावर पहिले पंधरा दिवस सगळं ठीक चालतं. मग चमचा आत जाताना अडखळायला लागतो आणि कडेला गाठी दिसतात. महिना-दीड महिन्यात डब्याच्या आकाराची वडी होऊन बसते, वासही अर्ध्यावर आलेला असतो. मग डबा बदलून बघायचा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून बघायचा, फ्रीझर आणखी थंड करून बघायचा. आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच वडी.

मी हे तीनदा भोगलंय. तिसऱ्या वेळी तिखटाची काचेची बरणी काढून ओट्यावर ठेवली आणि घाई नव्हती म्हणून तिच्याकडे बघत उभी राहिले. अर्ध्या मिनिटात काच धुरकट झाली, थोड्या वेळाने तिच्यावरून थेंब ओघळायला लागले. नेहमीच्या सवयीने मी झाकण काढलं. वरचा फिकट, भुरभुरीत थर माझ्या डोळ्यांदेखत गडद होत गेला, भिजलेल्या विटेसारखा. बोट टेकवलं तर तिखट बोटाला चिकटून आलं. मी त्यात पाण्याचा थेंबही घातला नव्हता. पाणी हवेतून आलं होतं.

या दुखण्याचं मूळ इथे आहे. थंडीने मसाला सादळत नाही. गार मसाला उबदार हवेत उघडला की सादळतो.

गार भांड्याला घाम का फुटतो

उबदार हवा भरपूर वाफ धरून ठेवते, गार हवेला ती पेलत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या दमट हवेत, म्हणजे आर्द्रता ७० टक्के धरली तर, एका घनमीटरमागे सुमारे २१ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा फ्रीझरच्या उणे १८ अंशांपर्यंत गार झाली तर त्यातलं जेमतेम एक ग्रॅमभर पाणी हवेत राहू शकतं. उरलेलं कुठेतरी बसणार, आणि समोर गार मसाला पसरलेला असतो.

अर्ध्या लिटरच्या डब्यात मावणाऱ्या हवेत असं पाणी किती असेल? दहा मिलिग्रॅम. तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण झाकण उघडं असेपर्यंत नवी हवा येत राहते, आणि मसाला गार असेपर्यंत तिच्यातलं पाणी त्याच्यावर बसत राहतं. डबा उघडा ठेवून तुम्ही फोनवर बोललात की हिशोब फार वेगळा होतो. त्यात दळलेला मसाला स्वतःही ओल ओढून घेणारा. नंतर झाकण लावून डबा परत आत ठेवता तेव्हा ते पाणी आतच कोंडलं जातं. रोज एकदा उघडलं तर महिन्यात असे तीस हप्ते होतात.

फ्रीझर आणखी थंड केल्याने काम का होत नाही, तेही यातून कळतं. मसाला जितका गार, तितकं त्याच्यावर दव जास्त.

आधी आपल्याकडे नेमकं काय होतंय ते ओळखा

गाठी सगळ्या सारख्या नसतात. एक गाठ चिमटीत धरून दाबा. सहज फुटून पूड झाली, वास नेहमीचा आला, तर ओल थोडी आहे आणि मसाला वाचतो. गाठ फुटण्याऐवजी चेपली, बोटाला चिकटली, तर ओल खोलवर गेली आहे. वास कुबट आला, पांढुरकी किंवा हिरवट बुरशी दिसली, किंवा कापसासारखे तंतू दिसले, तर सगळा डबा टाका. वरचा थर खरवडून खालचा वापरण्याचा मोह होतो, तो आवरा. काही बुरशी जी विषं सोडतात ती थंडीने नाहीशी होत नाहीत आणि नेहमीच्या स्वयंपाकाच्या आचेनेही नाहीत. मिरची आणि जायफळ हे तर या बाबतीत खास जपण्याचे पदार्थ आहेत.

मसाला कोरडा आहे पण वासच उरला नाही, हे वेगळं दुखणं. चिमूटभर पूड तळहातावर घेऊन अंगठ्याने जोरात चोळा आणि लगेच हुंगा. हाताच्या उबेनेही वास उठला नाही, तर त्यातली उडून जाणारी तेलं गेली आहेत. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, धन्यातलं लिनालूल हे सगळं हवेत उडणारं. मिरचीचा तिखटपणा मात्र उडत नाही, म्हणून जुनं तिखट झोंबतं पण त्याला वास नसतो आणि ते फिकट पडलेलं असतं. अशा मसाल्याला फ्रीझर परत ताजा करू शकत नाही. त्याचं जुनं होणं तेवढं मंदावतं. ढोबळ नियम असा की दर १० अंश थंडीमागे बिघडण्याचा वेग साधारण निम्मा होतो. पण आधीच गेलेलं परत येत नाही.

तिसरी तक्रार, वेलचीला कांद्याचा वास लागला. ती पुढे घेते.

उपाय: साठा वेगळा, रोजचा डबा वेगळा

पुष्कळ जण एकच मोठा डबा फ्रीझरमध्ये ठेवून त्यातूनच रोज चमचा काढतात. ही एक सवय मोडली की निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतो. रोजचा छोटा डबा बाहेरच ठेवा, शेगडीपासून लांब, उजेडापासून आडोशाला. त्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर पुरेल एवढाच मसाला. बाकी सगळा साठा त्याच मापाच्या छोट्या पुड्यांत बांधून फ्रीझरमध्ये. एक पुडी बाहेर आली की ती परत आत जात नाही. हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा. एकाने पाळला आणि दुसऱ्याने नाही, तर काही उपयोग नाही.

पुडी काढल्यावर ती बंदच राहू द्या. दव तिच्या बाहेरच्या अंगावर पडेल, पडू द्या, ते पुसता येतं. किती वेळ थांबायचं? शंभर ग्रॅमच्या चपट्या पुडीला तासभर सहसा पुरतो. अर्ध्या किलोच्या गोल बरणीला तीन-चार तास लागतात, कारण पूड उष्णता फार हळू आत जाऊ देते आणि बरणी बाहेरून कोमट लागली तरी मधला गाभा गारच असतो. चपट्या पुडीच्या बाबतीत मी घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवते. बाहेरचं दव पूर्ण सुकलं, पुसल्यावर पुन्हा आलं नाही, आणि बूड तळहाताला गार लागत नाही, तर उघडा. सर्वांत सोपं म्हणजे रात्री झोपताना पुडी काढून ठेवायची आणि सकाळी रोजच्या डब्यात ओतायची.

पुड्या चपट्या करा, अंगठ्याएवढ्याही जाड नकोत. हाताने दाबून हवा काढा. आत हवा कमी म्हणजे ओलही कमी आणि तेलं खवट करणारा प्राणवायूही कमी.

एवढं करूनही गाठी होत असतील तर

तर मसाला भरतानाच ओल आत जात असणार. मिक्सरमधून काढलेली पूड गरम असते, आणि आधी भाजलेल्या मसाल्याची तर हातही लावू देत नाही. ती तशीच डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकली की आतली वाफ झाकणाखाली जमते, गोठते आणि पुढच्या वेळी पाणी होऊन खाली उतरते. झाकणाच्या आतल्या बाजूला बर्फाचे बारीक कण दिसत असतील तर बहुधा हेच झालंय. पूड ताटात पातळ पसरून वर कोरडं कापड टाका, पूर्ण निवू द्या, आणि निवल्याबरोबर भरा. तासन्‌तास उघडी टाकू नका, नाहीतर वासही जातो आणि दमट हवेत ती उलट ओल घेते.

मग चमचा तपासा. ओला चमचा कोणी घालत नाही असं सगळेच म्हणतात. पण उकळत्या भांड्यावर डबा धरून मसाला झटकणारे खूप असतात. त्या वाफेच्या एका झोतानेही बरीच ओल आत जाते. मसाला आधी वाटीत काढा, डबा बंद करा, मग वाटी भांड्याकडे न्या.

मग झाकण. त्याची परीक्षा सोपी आहे: रिकाम्या डब्यात कोरडा कागदी रुमाल ठेवा, झाकण लावा, डबा पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उलटा बुडवा. रुमालाची कडा ओली झाली तर तो डबा फ्रीझरच्या कामाचा नाही. जुन्या प्लास्टिकच्या झाकणांना थंडीत केसाएवढे तडे जातात, ते बोटाला कळत नाहीत पण पाण्याला कळतात.

आणि जागा. दाराच्या कप्प्यात मसाले ठेवणं सोयीचं असतं, पण दार उघडलं की सर्वांत आधी तोच कप्पा गरम होतो. ज्या फ्रीझरमध्ये बर्फ आपोआप वितळतो त्यात एक हीटर अधूनमधून चालू होतो, त्यामुळे तापमान वर-खाली होत राहतं. या चढउतारात पुडीतल्या पुडीतही ओल एका जागेवरून दुसरीकडे सरकते. साठा मागच्या बाजूला, मधल्या भागात, एका बंद डब्याच्या पोटात ठेवा. बाहेरच्या डब्यातल्या गार वस्तू एकमेकींना सांभाळतात आणि चढउतार कमी जाणवतो.

मीठ किंवा साखर घातलेली मिश्रणं, आणि लसूण किंवा कांद्याची पूड, यांच्या गाठी सगळ्यात आधी होतात. त्यांच्यातल्या साखरा ओल घेऊन चिकट होतात. मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवायचंच असेल तर मिठाशिवाय करा, मीठ वापरताना घाला.

गाठी झालेल्या, पण वास चांगला असलेल्या मसाल्याचं काय करायचं? कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, किंवा ओव्हन सर्वांत कमी तापमानावर ठेवून दार किलकिलं ठेवा. निवल्यावर चाळणीतून घासून काढा आणि रोजच्या डब्यात टाकून लवकर संपवा. थोडा वास जाईल, ते मान्य करा. हा मसाला परत फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही.

दुसऱ्याचा वास लागणे

पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून पाणी गळत नाही म्हणून आपण तिला हवाबंद समजतो. वासाचे कण मात्र तिच्यातून आरपार जातात, आतले बाहेर आणि बाहेरचे आत. शेजारी चिरलेला कांदा असेल तर महिन्याभरात वेलचीला त्याची चव येते. लवंगेच्या शेजारचं लोणी लवंगेचं होतं. तेल असलेले पदार्थ वास सर्वांत जास्त धरतात: लोणी, अक्रोड, बदाम, तीळ, कोंड्यासकट दळलेलं पीठ. काच आणि धातू यांतून वास जात नाही. म्हणून पुड्या पिशवीत बांधा, पण त्या सगळ्या एका काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. कांदा-लसूण दुसऱ्या डब्यात. दोन आवरणं लागतात, एकाने भागत नाही. लागलेला वास मी अजून कशानेही घालवू शकलेले नाही.

आलं, लसूण, मिरच्या, पाला

ओल्या पदार्थांचं दुखणं उलटं असतं. त्यात पाणी असणारच, ते कसं गोठतं यावर सगळं ठरतं. हळू गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात, आणि बाहेर काढल्यावर लगदा हातात येतो. जेवढा थर पातळ तेवढं गोठणं झटपट. आलं-लसूण वाटून डबाभर गोठवला की त्याचा दगड होतो. सुरीने तोडताना मी एकदा बोट कापून घेतलंय, म्हणून हे कळकळीने सांगते. वाटण पिशवीत भरून अर्ध्या सेंटिमीटरएवढं चपटं करा आणि गोठण्याआधी सुरीच्या पाठीने वरून चौकटी आखा. गोठल्यावर वडी हाताने मोडते. अख्खं आलं धुऊन, पुसून, तसंच गोठवलं तरी चालतं. गोठलेलं आलं तंतू न ओढता किसलं जातं, ताज्यापेक्षाही बारीक.

लसणाचं वाटण कधी हिरवट-निळसर होतं. थंडीत राहिलेल्या लसणात आणि आंबट काही घातलेल्या वाटणात हे जास्त दिसतं. ते टाकू नका. लसणातल्याच गंधकाच्या संयुगांचा तो खेळ आहे, अपाय नाही.

पण तेलातल्या कच्च्या लसणाबाबत हयगय नको. तेलाखाली हवा नसते, लसूण आंबट नसतो, आणि नेमक्या अशा जागी बॉट्युलिझमचे जंतू वाढतात. त्यांच्या विषाला वास नाही, चव नाही, आणि ते जीव घेऊ शकतं. घरी केलेला तेलातला लसूण बाहेर ठेवायचाच नाही. फ्रिजमध्ये ४ अंशांना चार दिवसांपेक्षा जास्त नाही, त्याहून पुढे ठेवायचा तर केल्या दिवशीच फ्रीझरमध्ये. फ्रीझरने ते जंतू मरत नाहीत, थांबतात फक्त. म्हणून वितळवलेला तुकडा लगेच वापरा.

हिरव्या मिरच्या धुऊन अगदी कोरड्या करा, देठ काढा, ताटात सुट्या पसरून गोठवा आणि मग एकत्र भरा. मऊ पडतात, तिखटपणा जात नाही. कोथिंबीर, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं अशी गोठवली की काळवंडतात. चिरून, बर्फाच्या साच्यात थोडं पाणी किंवा तेल घालून गोठवा, आणि शिजणाऱ्या पदार्थातच वापरा. वरून पेरायला ती परत कधीच ताजी दिसणार नाहीत. काचेच्या बरणीत ओलं काही भरलं तर वर बोटभर जागा रिकामी सोडा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि काच ते सहन करत नाही.

काय ठेवायचंच नाही

अख्खे सुके मसाले अंधाऱ्या, कोरड्या जागी दोन-तीन वर्षं सहज टिकतात. वर्षभरात संपणार असतील तर त्यांना फ्रीझरची गरज नाही. मीठ, साखर, मध यांनाही नाही. व्हॅनिलाच्या शेंगा थंडीत वाळून कडक होतात. फ्रीझरचा खरा फायदा होतो तो दळलेल्या मसाल्यांना, तेलकट बियांना, सुक्या मेव्याला, कोंड्यासकटच्या पिठाला आणि सुक्या यीस्टला. जागा कमी असेल तर आधी अक्रोड आणि तीळ ठेवा, मग तिखट. खवटपणा तिथे आधी येतो.

एक जास्तीचा उपयोग: अख्ख्या मसाल्यात किंवा धान्यात बारीक तपकिरी किडे होत असतील, तर नवा माल घट्ट बांधून उणे १८ अंशांना सात दिवस ठेवा. अंड्यांसकट कीड मरते. मग पुडी बंद ठेवूनच पूर्ण उबदार होऊ द्या आणि नंतर नेहमीच्या डब्यात भरा. इथेही घाई केली की कीड जाते आणि बुरशी येते.

वीज गेली तर

दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर बंद दाराने साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. सुक्या मसाल्यांच्या पुड्या बंद असतील तर त्यांना काहीच होत नाही, त्या उघडून बघण्यानेच नुकसान होतं. आलं-लसणाच्या वाटणात बर्फाचे कण अजून हाताला लागत असतील तर परत गोठवता येतं. पूर्ण वितळून कोमट झालेलं, विशेषतः लसूण-तेल, सरळ टाका.

बदल केल्यावर महिन्याने एक पुडी काढा, पूर्ण उबदार होऊ द्या, आणि न उघडता कानाशी धरून हलवा. कोरडी पूड वाळूसारखी सळसळते. धप्प असा एकच आवाज आला, तर पूड भरताना ओल आत गेली होती. पुढच्या वेळी तिथून तपासायला सुरुवात करा.